सोलापुरात बसून स्वतःची पोर्टफोलिओ साइट, ह्यूगो वापरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझी मामेबहीण टॉवेल आणि चादरीची जकार्ड डिझाइनं करते, म्हणजे मागावर धागे उचलून विणायची नक्षी. कॉम्प्युटरवर ग्राफ काढायचा, रंग बसवायचे, फाइल कारखान्यात द्यायची, असं तिचं काम. तिची डिझाइनं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणली गेलीत, पण कुणी म्हणलं की काम दाखवा, तर ती व्हॉट्सअपवर वीस फोटो पाठवायची, ते दाबून धूसर व्हायचे, समोरच्याच्या फोनात गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जायचे आणि आठ दिवसांनी तोच माणूस म्हणायचा, "ताई, परत एकदा पाठवा की". शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून ह्यूगो नावाच्या साइट बनवायच्या प्रोग्रॅमनं तिची साइट केली. तेव्हा जे जे केलं, जिथं जिथं अडकलो, ते सगळं इथं लिहितोय, तुम्ही फोटोग्राफर असा, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी असा नाहीतर कोडिंग शिकून पुण्याला नोकरी शोधत असा, पद्धत हीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. साइट उभी करायला एक दुपार लागते. त्यात टाकायचं काम निवडायला, फोटो काढायला आणि त्याबद्दल चार धड वाक्यं लिहायला दोन आठवडे लागतात. बहुतेक लोक उलटं करतात, थीम आणि रंग बदलण्यात महिना घालवतात आणि मग आत "लवकरच येत आहे" लिहून सोडून देतात. म्हणून मी कामापासून सुरू करतो, लॅपटॉप नंतर.

आधी वही घ्या

वहीत आजवरची सगळी कामं लिहून काढा आणि त्यातली फक्त सहा ते आठ निवडा. मामेबहिणीकडं सत्तरच्या वर डिझाइनं होती, तिला सगळी टाकायची होती, मी म्हणलं बघणारा माणूस फोनवर अंगठ्यानं चार वेळा वर सरकवतो आणि बंद करतो, त्या चार वेळांत तुझं सगळ्यात चांगलं दिसलं पाहिजे. निवडताना एकसारखी आठ नका घेऊ. एक पारंपरिक काठाची चादर, एक हॉटेलच्या नावाचा टॉवेल, एक लहान मुलांचं, एक असं की ज्यात गिऱ्हाइकाची अडचण होती आणि तुम्ही ती सोडवली.

प्रत्येक कामाखाली ही उत्तरं लिहा: काम कुणासाठी होतं, अडचण काय होती, तुम्ही स्वतः नेमकं काय केलं, शेवटी काय तयार झालं. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. "आम्ही केलं" असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. तिनं पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य होतं "आकर्षक व दर्जेदार डिझाइन". ते खोडून आम्ही लिहिलं, की कारखान्यातलं जकार्ड किती हुकांचं (धागे उचलणाऱ्या आकड्यांचं) होतं, मालकाला तीनच रंगांत काम पाहिजे होतं, आणि मोराच्या पिसाऱ्यात चौथा रंग भासावा म्हणून तिनं दोन रंगांचे धागे एकाआड एक कसे उठवले. हे वाचून त्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं की बाईला काम येतंय.

आणि परवानगी. डिझाइनचे पैसे मालकानं दिलेत, बाजारात माल यायचाय, आणि तुम्ही आधीच साइटवर टाकलं तर संबंध बिघडतात. तिनं प्रत्येक कारखानदाराला फोन करून विचारलं. एकानं नाही म्हणलं, ते काम सोडून दिलं. एकानं नाव नको पण फोटो चालेल म्हणलं, तसं केलं. मूळ ग्राफची फाइल किंवा पूर्ण रिपीट (नक्षीचा परत परत येणारा अख्खा तुकडा) कुठंच टाकायचा नाही, विणलेल्या कापडाचा फोटो टाकायचा आणि ग्राफचा फक्त एक कोपरा, म्हणजे काम दिसतं पण कुणाला उचलता येत नाही.

फोटो

कापडाचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, रंग पिवळा नाहीतर हिरवट येतो. आपल्या सोलापूरचं दुपारचं ऊन तर उपयोगाचंच नाही, पांढरा टॉवेल नुसता चमकतो. सकाळी सात-साडेसातला गच्चीवर, ऊन तिरपं असताना, कापड जमिनीवर पसरून काढले, टॉवेलच्या टेरीचे वेढे आणि चादरीचा उठाव दोन्ही स्वच्छ दिसले कारण तिरप्या उजेडात धाग्याची बारीक सावली पडते. फोन कापडाला समांतर धरा नाहीतर चौकडी वाकडी येते.

मोठा फोटो जसाच्या तसा साइटवर टाकू नका. हल्ली फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा असतो, असे दहा टाकले की साधं नेट असलेल्या माणसाला पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा आणि वेबपी किंवा जेपीजीमधे सेव्ह करा, साधारण २००-३०० केबीत बसलं की पुरे. विणलेल्या कापडाचा फोटो लहान केला की कधीकधी त्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात, बारीक धागे आणि स्क्रीनचे पिक्सेल एकमेकांत अडकल्यामुळं ते होतं, तसं झालं तर थोड्या वेगळ्या मापात लहान करून बघा नाहीतर जरा जवळून दुसरा फोटो घ्या. आणि घरी काढलेल्या फोटोत जीपीएसचं लोकेशन लपलेलं असू शकतं, ते टाकायच्या आधी काढून टाका, विशेषतः मुलींनी.

स्टॅटिक का, आणि ह्यूगोच का

वर्डप्रेससारख्या साइटला मागं डेटाबेस असतो, लॉगिन असतं, प्लगिन असतात, दर महिन्याला काहीतरी अपडेट मागतं, नाही केलं तर कुणीतरी आत घुसतं. पोर्टफोलिओ वर्षातून पाच-सहा वेळा बदलतो, त्याला एवढा संसार कशाला. स्टॅटिक साइट जनरेटर काय करतो, तुम्ही साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहिता, तो एकदा चालवला की सगळी पानं तयार एचटीएमएल करून एका फोल्डरमधे ठेवतो, आणि ते फोल्डर कुठंही ठेवलं की साइट चालू. सर्व्हरवर काही चालतच नाही म्हणून फुकट ठेवता येतं आणि पटकन उघडतं.

पर्याय बरेच आहेत. जेकिल २००८ पासूनचं, चांगलं आहे पण त्याला रुबी ही भाषा बसवावी लागते आणि विंडोजवर ते बसवताना डोकं दुखतं. इलेव्हन्टी आणि ॲस्ट्रो जावास्क्रिप्टच्या नोडवर चालतात, जावास्क्रिप्ट येणाऱ्यांनी ॲस्ट्रो जरूर बघावं. ह्यूगो २०१३ मधे आलं, गो भाषेत लिहिलेलं, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे सगळं मिळून एकच प्रोग्रॅम फाइल. दुसरं काही बसवायचं नाही. दोन वर्षांनी लॅपटॉप बदलला तरी तेवढी एक फाइल आणून ठेवली की काम चालू. म्हणून आम्ही ते घेतलं.

बसवणं आणि पहिली साइट

खाली कमांड मी उच्चारात लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

विंडोजवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि विंगेटनं, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅम बसवायच्या कमांडनं, दोन गोष्टी बसवा, एक गिट, जे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवतं, आणि दुसरं ह्यूगो. ह्यूगोचं एक्स्टेंडेड व्हर्जन घ्या, बऱ्याच थीमना तेच लागतं. बसवून झालं की टर्मिनल बंद करून परत उघडा, नाहीतर कमांड सापडत नाही म्हणून तो ओरडतो. मग "ह्यूगो व्हर्जन" टाइप करा, आकडा आणि एक्स्टेंडेड शब्द दिसला म्हणजे झालं.

आता "ह्यूगो न्यू साइट पोर्टफोलिओ". पोर्टफोलिओ नावाचं फोल्डर तयार होतं, आत कंटेंट, लेआउट्स, स्टॅटिक, ॲसेट्स, थीम्स असे फोल्डर आणि ह्यूगो डॉट टॉमल ही सेटिंगची फाइल. घाबरू नका, रोजचा संबंध फक्त कंटेंटशी आणि कधीमधी त्या टॉमलशी.

त्या फोल्डरमधे जाऊन "गिट इनिट" करा आणि मग थीम, म्हणजे साइटचा तयार साचा. आम्ही पेपरमॉड घेतली, साधी, हलकी, फोनवर नीट दिसणारी, आणि तिच्यात प्रोफाइल मोड आहे म्हणजे पहिल्या पानावर फोटो, नाव, दोन ओळी आणि खाली बटणं असं मिळतं. थीम गिट सबमॉड्यूल (मूळ थीमशी जोडलेलं फोल्डर) म्हणून जोडा, झिप उतरवून टाकू नका, म्हणजे पुढं थीम सुधारली की एका कमांडनं तुमच्याकडं येते. थीमच्या पानावर ह्यूगोचं किमान व्हर्जन कुठलं लागतं ते लिहिलेलं असतं, आधी वाचा.

इथं आमचे दोन तास गेले. बऱ्याच गाइडमधे लिहिलेलं असतं की एको कमांडनं दोन बाणांच्या खुणा लावून थीमचं नाव टॉमल फाइलमधे घाला. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधे तसं केलं की ती ओळ युटीएफ-१६ मधे लिहिली जाते, बाकी फाइल युटीएफ-८, म्हणजे अक्षरं साठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि ह्यूगो न कळणाऱ्या एररा देत बसतं. फाइल डोळ्याला एकदम बरोबर दिसते! त्यामुळं टॉमल फाइल व्हीएस कोड या एडिटरमधे उघडून हातानंच लिहा. नोटपॅड वापरला तर सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी चिकटत नाही ना ते बघा, त्यासाठी एक्स्प्लोररमधे फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करून ठेवा.

टॉमलमधे सुरवातीला चारच गोष्टी लागतात: बेस यूआरएल (साइटचा नेटवरचा पत्ता), टायटल, थीमचं नाव, भाषा. त्याच्या खाली टाइमझोन म्हणून एशिया स्लॅश कोलकाता लिहा, का ते पुढं सांगतो.

मग "ह्यूगो सर्व्हर हायफन डी", डी कॅपिटल. ब्राउझरमधे लोकलहोस्ट, कोलन, १३१३ उघडा. साइट दिसायला लागते, आणि फाइलमधे काही बदलून सेव्ह केलं की पान आपोआप बदलतं. मामेबहीण इथं पहिल्यांदा हसली.

कामाचं पान

प्रत्येक कामाला कंटेंटमधे वेगळं फोल्डर करा, उदाहरणार्थ कंटेंटच्या आत वर्क, त्याच्या आत मोर-चादर, नाव इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत, मधे हायफन. त्यात इंडेक्स डॉट एमडी ही फाइल आणि त्याच कामाचे फोटो शेजारीच. याला पेज बंडल म्हणतात. सगळे फोटो एका फोल्डरमधे कोंबले की सहा महिन्यांनी कुठला कशाचा कळत नाही, तसं इथं होत नाही.

फाइलच्या डोक्यावर फ्रंट मॅटर असतं: टायटल, डेट, ड्राफ्ट, समरी, कव्हरचा फोटो. त्याखाली साधं लिहायचं, मार्कडाउनमधे, ठळक पाहिजे तर दोन्हीकडं दोन-दोन स्टार, उपशीर्षकाला हॅश. दहा मिनिटांत येतं.

"ह्यूगो न्यू" कमांडनं केलेलं नवीन पान ड्राफ्ट ट्रू, म्हणजे कच्चं, असतं. मगाशी हायफन डी लावल्यामुळं आपल्या लॅपटॉपवर ते दिसतं, पण खऱ्या साइटवर येत नाही. टाकायचं ठरलं की फॉल्स करा. आणि तारखेची गंमत अशी की ह्यूगो पुढच्या तारखेचं पान छापतच नाही. तुम्ही संध्याकाळी सहा वाजता हातानं वेळ लिहिली आणि टाइमझोन दिला नाही तर तो ती यूटीसी म्हणजे ग्रीनविचची वेळ समजतो, आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे त्याच्या हिशोबानं ते पान रात्री साडेअकराला यायचं. पान गायब, एरर काही नाही. म्हणून वर टाइमझोन लिहायला सांगितला.

थीममधे काही बदलायचं असेल तर थीम्स फोल्डरच्या आत हात घालू नका. ती फाइल कॉपी करून आपल्या लेआउट्स फोल्डरमधे त्याच मार्गावर ठेवा, ह्यूगो आपली आधी बघतं. रंग-फॉन्टसाठी पेपरमॉडमधे ॲसेट्स, सीएसएस, एक्स्टेंडेड या मार्गावर कुठल्याही नावाची सीएसएस फाइल ठेवली की लागू होते.

मराठीची काळजी

मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण मराठी साइट बऱ्याचदा इथंच गबाळी दिसते. भाषेचा कोड एमआर द्या आणि ब्राउझरमधे व्ह्यू सोर्स करून (पानाचा मूळ कोड उघडून) बघा, अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमधे लँग म्हणून एमआर आलंय का. त्याचा फायदा असा की ज्या फॉन्टमधे सोय आहे त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यालाही मराठी उच्चार मिळायची शक्यता वाढते.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मजकुराला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, शीर्षकाला बलू किंवा तिरो देवनागरी मराठी. मुक्ता आणि बलू मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेत. दोनच फॉन्ट घ्या, आणि प्रत्येकाची दोनच वजनं (बारीक-जाड प्रकार), जास्त घेतले की पान जड होतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, १.७ च्या आसपास, कारण आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, थीमचं मूळ अंतर इंग्रजी बघून ठरवलेलं असतं. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी लेटर स्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

पत्त्यात मराठी टाळा. टायटल मराठीत असू दे, पण फोल्डरचं नाव किंवा फ्रंट मॅटरमधला स्लग (पानाच्या पत्त्यातलं नाव) इंग्रजी अक्षरांत ठेवा, नाहीतर लिंक कॉपी केली की टक्क्याच्या खुणांची ही लांबलचक माळ येते आणि बघणाऱ्याला ती व्हायरसची लिंक वाटते.

बाहेरची गिऱ्हाइकं असतील तर तेच पान इंग्रजीतही करता येतं, इंडेक्स डॉट एमआर डॉट एमडी आणि इंडेक्स डॉट ईएन डॉट एमडी अशा दोन फाइली आणि टॉमलमधे दोन भाषा. सोलापुरात घराघरात तेलुगू-कन्नड बोलतात, तिसरी भाषाही जोडता येईल, पण आधी एक भाषा पूर्ण करा.

साइट नेटवर चढवणं

गिटहबवर खातं काढा, ही गिटच्या फाइली नेटवर ठेवायची सेवा, साइटही तिथंच फुकट ठेवता येते. युजरनेम विचार करून, कारण तेच पत्त्यात येणार. कुल-टुल काही नको, आपलं नाव. मग नवीन पब्लिक रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं फोल्डर) काढा आणि तिचं नाव बरोबर युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ असं द्या. दुसरं कुठलं नाव दिलं तर पत्त्याच्या शेवटी ते नाव चिकटतं, आणि मग बेस यूआरएलमधे ते लिहायचं राहिलं तर कधीकधी साइट उघडते पण रंग नाही, फोटो नाही, नुसता मजकूर. तसं दिसलं तर आधी बेस यूआरएलच तपासा.

पाठवण्याआधी डॉट गिटइग्नोर फाइलमधे पब्लिक हे फोल्डर लिहा, तयार पानं तिथं आपोआप बनतात, ती पाठवायची गरज नाही. कमिटमधे, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीत, तुमचा ईमेल सगळ्यांना दिसतो, नको असेल तर गिटहबच्या ईमेल सेटिंगमधे नोरिप्लाय पत्ता मिळतो, गिटमधे तो घाला. पुश करताना, म्हणजे फाइली गिटहबवर पाठवताना, गिटहबचा पासवर्ड चालत नाही, ऑगस्ट २०२१ पासून ते बंद आहे, विंडोजच्या गिटमधे ब्राउझर उघडून लॉगिन होतं, तेच करा.

आता सेटिंग्ज, पेजेस, आणि सोर्समधे गिटहब ॲक्शन्स निवडा. ह्यूगोच्या डॉक्युमेंटेशनमधे गिटहब पेजेससाठी तयार वर्कफ्लो फाइल (साइट कशी बांधायची त्या सूचना) आहे, ती जशीच्या तशी डॉट गिटहब, वर्कफ्लोज या मार्गावर ठेवून पुश करा. पुढं दर पुशला गिटहबच साइट बांधतं आणि चढवतं. काहीच होत नसेल तर ब्रँचचं (गिटमधल्या तुमच्या कामाच्या शाखेचं) नाव बघा, वर्कफ्लो मेन नावाची ब्रँच धरून असतो आणि तुमच्या गिटनं मास्टर केलेली असू शकते.

एक चूक हमखास होते. लॅपटॉपवर फोटो दिसतो, नेटवर नाही. विंडोजला मोठी आणि लहान लिपी सारखीच, पण गिटहबचं बांधकाम लिनक्सवर होतं, तिथं फोटोच्या नावात कॅपिटल जेपीजी आणि पानात स्मॉल जेपीजी म्हणजे दोन वेगळ्या फाइली. आमचे तीन फोटो असे गेले होते. सगळी नावं लहान लिपीत ठेवायची सवय लावा. आणि नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर विंडोजवर गिटला बदल कळतच नाही बऱ्याचदा, तिथं "गिट एमव्ही" कमांडनं नाव बदला.

संपर्क, आणि स्वतःचा पत्ता

स्टॅटिक साइटला मागं सर्व्हर नाही त्यामुळं फॉर्म भरून घ्यायचा तर बाहेरची सेवा जोडावी लागते. खरं सांगू का, आपल्याकडं फॉर्म कोण भरतंय. व्हॉट्सअपचं बटण द्या. डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, मग ९१ आणि दहा आकडी नंबर, अधिकची खूण नाही की मधे जागा नाही. कामासाठी वेगळा नंबर असेल तर तोच द्या, हा पत्ता सगळ्या जगाला दिसणार आहे. शेजारी ईमेल ठेवा, कंपनीतली माणसं तिथंच लिहितात.

गिटहबचा पत्ता चालतोच, पण धंदा करणाऱ्यानं स्वतःचं डोमेन घ्यावं असं माझं मत. घेताना पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नका, रिन्यूअलची किंमत बघा, तीच दरवर्षी द्यायची आहे. आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात घ्या, करून देणाऱ्या मित्राच्या खात्यात नाही. गिटहब पेजेसच्या सेटिंगमधे डोमेन लिहा, डोमेनवाल्याकडं गिटहबनं दिलेल्या चार ए रेकॉर्ड (डोमेन कुठं न्यायचं त्या नोंदी) टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम ही तशीच नोंद, आणि काही तासांनी एन्फोर्स एचटीटीपीएसवर टिक करा. टिक लगेच लागत नसेल तर थांबा, सर्टिफिकेट यायला वेळ लागतो.

सगळं झालं की स्वतः तपासू नका, दुसऱ्याला द्या. आम्ही लिंक मामीच्या फोनवर उघडली, तिच्याकडं जुना फोन, अक्षरं मोठी करून ठेवलेली. मेनूचं बटण तिला सापडलंच नाही. मग आम्ही मेनू काढून पहिल्याच पानावर तीन मोठी बटणं ठेवली, कामं, माझ्याबद्दल, व्हॉट्सअप. मामीनं कामं दाबलं, मोराच्या चादरीवर थांबली आणि म्हणाली, "ही तर आपल्या घरात आहे की गं, तू केलीस होय?"

आता नवीन काम आलं की तिला फोल्डर करायचं, चार फोटो टाकायचे, इंडेक्स फाइल जुन्यातली कॉपी करून बदलायची आणि पुश करायचं, वीस मिनिटं, मला फोनसुद्धा लावत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी तिनं नवी व्हिजिटिंग कार्डं छापली, मागं क्यूआर कोड. तुम्हीही छापणार असाल तर क्यूआर स्वतःच्या डोमेनचाच करा, कारण उद्या साइट गिटहबवरून दुसरीकडं हलवली तरी डोमेन तेच राहतं, आणि वाटलेली कार्डं परत मागता येत नाहीत. छापखान्यात द्यायच्या आधी त्याच मापाचा कोड साध्या कागदावर छापून दोन-तीन फोनवर स्कॅन करून बघा, आमचा पहिला फार बारीक होता, मामीच्या फोनला तो वाचताच आला नाही.